कुठल्या कामाला कुठली पिन

बहुतेक घरांत पिनांची एकच डबी असते. सेफ्टी पिना, टाचण्या, केसांचे आकडे, एखादी ड्रॉइंग पिन, मोती निखळलेली साडीपिन असं सगळं तिच्यात एकत्र असतं, आणि ऐन घाईत हाताला लागेल ती पिन उचलली जाते. लग्नाला निघताना पैठणीच्या पदराला गोणपाट पेलेल अशी जाड पिन लागते आणि शाळेच्या अर्जाला गंजकी टाचणी. पिन स्वस्त असते, म्हणून तिची निवड कोणी मनावर घेत नाही. नुकसान मात्र होतं ते साडीचं, जपून ठेवलेल्या कागदांचं, आणि एखादे वेळी घरातल्या लहान मुलाच्या जिवावर बेततं.

पिनेकडे पाहताना आपली नजर टोकावर जाते. टोक तर सगळ्यांनाच असतं. खरा फरक दुसऱ्या बाजूला आहे. टाचणीला डोकं असतं, सेफ्टी पिनेला वेटोळं आणि टोपी असते, आकडा नुसता वळलेला असतो, स्टेपलरच्या पिनेचे दोन्ही पाय कागदात घुसून मुडपतात. पिन किती वेळ धरणार, कशाने सुटणार आणि सुटताना मागे काय ठेवणार, हे त्या दुसऱ्या बाजूवर ठरतं. पिन निवडताना यातला शेवटचा प्रश्न आधी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. धरायला कुठलीही पिन धरेल. काढल्यावर कापड, कागद, केस जसेच्या तसे परत मिळतात का, ते बघायचं.

सेफ्टी पिनेपासून सुरुवात करू, कारण घरात सर्वांत जास्त राबते ती हीच. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १० एप्रिल १८४९ रोजी तिचं पेटंट घेतलं आणि त्याचे हक्क ४०० डॉलरना विकून टाकले. वस्त्र अडकवायला स्प्रिंग असलेली पिन त्याच्या कितीतरी आधी, रोमन काळातही होती. तिला 'फिब्युला' म्हणतात आणि युरोपातल्या संग्रहालयांत ती पुष्कळ पाहायला मिळते. हंट यांनी एकाच अखंड तारेच्या एका बाजूला वेटोळं दिलं आणि दुसऱ्या बाजूला टोक अडकवायला जागा केली. वेटोळ्यामुळे तारेचा मोकळा हात सतत बाहेर उघडायला बघतो, आणि त्या बाहेर येण्याच्या जोरामुळेच टोक टोपीच्या कडेला घट्ट टेकून राहतं. ज्या पिनेचा हा जोर गेला, ती नावालाच सेफ्टी पिन.

तेव्हा पिन वापरण्याआधी तिला एकदा उघडून सोडून बघा. टोक झटकन टोपीपासून दूर जाऊन थांबलं तर ती कामाची. उघडली तरी टोपीजवळच रेंगाळत असेल, तर ती ऐन गर्दीत सुटणार हे नक्की समजा. दुसरी परीक्षा टोकाची. अंगठ्याच्या नखावरून टोक अगदी हलक्या हाताने ओढायचं. गुळगुळीत सरकलं तर ठीक. ओरखडा उठला किंवा नखात अडकल्यासारखं वाटलं तर टोकाला कूस आहे, आणि ती कूस रेशमाचा धागा ओढणार. नवीन पाकिटातल्या पिनांचीही ही परीक्षा घ्यावी. वर निकेलचा मुलामा असतो, त्यामुळे चकचकीत सगळ्याच दिसतात. टोपीची कडही बोटाने चाचपून पाहावी. पत्रा नीट दुमडलेला नसेल तर तीच कड कापडाला कापते.

शिफॉन, जॉर्जेट, मलमल अशा झिरझिरीत कापडाला सेफ्टी पिनेचा त्रास होतो तो टोकामुळे कमी, वेटोळ्यामुळे जास्त. कापड पिनेवरून सरकत सरकत वेटोळ्यापर्यंत जातं आणि दोन वेढ्यांच्या फटीत शिरतं. घरी परतल्यावर दमलेल्या हाताने पिन ओढली, की तिथे कायमची जाळी होते. उपाय सोपा आहे. पिन कापडात घालण्याआधी तिच्यात एक बारीक मोती किंवा शर्टाचं लहान बटण ओवून ते वेटोळ्यापर्यंत सरकवा. मग कापड वेटोळ्याला भिडतच नाही. काही साडीपिनांना तिथे मुद्दाम मोती किंवा प्लॅस्टिकची टोपी दिलेली असते, ती शोभेची वाटली तरी कामाची आहे. वेटोळंच नसलेल्या, नुसतं रुंद वळण दिलेल्या पिनाही मिळतात; तलम कापडाला त्या घ्याव्यात. आणि कापड अडकलंच, तर ओढू नका. पिन उघडी ठेवून दुसऱ्या पिनेचं टोक वेढ्यांच्या फटीत घाला, फट किंचित रुंदावा आणि कापड ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने मागे सारा. दोन मिनिटं लागतात, साडी वाचते.

आता पदर. खांद्यावर पिन नेमकी कुठे आणि कोणत्या दिशेने लावायची, यात पुष्कळ जणी गडबड करतात. पदराच्या चुण्या पुढून मागे जातात, म्हणजे ओढ पुढे-मागे असते. पिनही त्याच दिशेने लावली तर सगळा भार एका छिद्रावर येतो आणि ते छिद्र लांबट होत जातं. पिन चुण्यांना आडवी असेल तर तोच भार तिच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो. ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीत कापडाचे थर जास्त असतात, म्हणून पिन तिथे धरते; तरीही ती शिवणीच्या अर्धा-पाऊण इंच मागे लावावी. समोरून दिसत नाही आणि ब्लाउज पुढे खेचला जात नाही. शक्यतो पिन ब्लाउजच्या आतून घालून, वर पदर टिपून, पुन्हा आत घ्यावी आणि आतच मिटवावी. हे एकटीला आरशासमोर जमत नाही. ब्लाउज घालण्याआधी पिन खांद्याला आतून अर्धी घालून ठेवली, की मग जमतं.

भारी रेशमी साडीची बाब निराळी. पैठणीच्या पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत गुंतवून मागावर विणलेली असते आणि काठाला जर असते. सुती धागा पिनेने बाजूला सरकला तर तो परत जागेवर येतो. जर एकदा ओढली गेली की परत बसत नाही. वर गुंडाळलेली धातूची तार सुटून आतला धागा दिसायला लागतो. म्हणून पैठणीला पिन लावताना जर आणि नक्षी दोन्ही टाळावीत, काठालगतचं साधं रेशीम धरावं. सगळ्यांत वरची, लोकांना दिसणारी चुणी पिनेत घेऊच नये. आतल्या चुण्या ब्लाउजला पिनेने धरल्या की वरची आपोआप राहते, कारण ती त्यांच्यावरच दुमडलेली असते. साडी आणि पिन यांच्यामध्ये मऊ सुती कापडाची लहानशी घडी ठेवली तर भार पसरतो. आणि आजीची जुनी, विरत चाललेली साडी असेल तर माझा सल्ला एकच आहे: पिन नको. बारीक सुईने, रेशमी धाग्याने ब्लाउजला चार कच्चे टाके घाला आणि कार्य झालं की उसवून टाका. सुईचं छिद्र पिनेच्या छिद्रापेक्षा कितीतरी बारीक असतं.

पिन काढल्यावर छिद्र दिसलं तर घाबरून जाऊ नका. सुती आणि बऱ्याचशा कृत्रिम धाग्यांच्या कापडात धागा तुटलेला नसतो, नुसता सरकलेला असतो. त्या जागी नखाने आधी उभं, मग आडवं हलकेच घासायचं आणि सुती कापड असेल तर वाफेची इस्त्री वरच्यावर धरायची. छिद्र मिटतं. चामडं, रेक्झिन, रेनकोटचं कापड यांत मात्र छिद्र पडलं ते पडलंच. या वस्तूंना पिन कधीच लावू नये. शिवताना धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे लहान चिमटे वापरावेत.

नऊवारी मुळात पिनेशिवाय नेसायची साडी आहे. गाठ, ओचा आणि कासोटा यांच्या ताणावरच ती अंगावर बसते, आणि अशी नेसलेली साडी दिवसभर शेतात राबून, उठबस करूनही सुटत नसे. आता रोजची सवय राहिली नाही, त्यामुळे मंगळागौरीला किंवा लावणी करताना पिना लागतात, त्यात काही वावगं नाही. मात्र झिम्मा-फुगडीत हात आणि कंबर सतत हलतात. पिन पोटाच्या घडीत लावली तर वाकताना ती वाकते आणि सुटून टोचते. कंबरेच्या बाजूला, जिथे घडी पडत नाही अशा जागी, मोठी आणि मजबूत पिन लावावी आणि तिची टोपी पदराखाली झाकावी. फुगडीच्या पकडीत जिथे दुसरीचा हात येतो, तिथे खांद्यापुढे पिन ठेवूच नये. अंगावर किती पिना लावल्या ते मोजून ठेवावं आणि साडी सोडताना तितक्याच परत डबीत टाकाव्यात. गादीवर पिना सापडतात त्या या न मोजलेल्यांतल्या.

परकराची नाडी ओवायला सेफ्टी पिन सगळेच वापरतात. त्यात एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाडीच्या टोकाला पिन लावून ती टोपीच्या बाजूने आत घालावी, वेटोळं मागे ठेवावं. ओढताना नाडी सरकून वेटोळ्याकडे जाते, आणि तिथे पिनेचा जोर सगळ्यांत जास्त असतो. उलटं केलं तर नाडीचा ताण टोपीवर येतो आणि नेफ्याच्या मध्यावर पिन उघडते. मग ती बाहेर काढायला नेफा उसवावा लागतो. पिन नेफ्यात आरामात मावेल एवढीच मोठी घ्यावी. फार लहान घेतली तर कापडाच्या आडून ती बोटांना धरता येत नाही.

बांगडीला किंवा मंगळसूत्राला दोन-चार पिना अडकवून ठेवण्याची आपल्याकडच्या बायकांची पद्धत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते. पिन लागते तेव्हा ती हाताशी असते. गर्दीच्या बसमध्ये आणि लोकलमध्ये अंगचटीला येणाऱ्यांपासून स्वतःला वाचवायला कित्येक जणींनी हीच पिन मुठीत धरून प्रवास केला आहे. मात्र तान्ह्या बाळाला घेताना, आणि कणीक मळताना, त्या पिना काढून ठेवाव्यात. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्या मनगटावर किंवा गळ्याशी मुलाम्याच्या पिनेने खाज येते, पुरळ उठतं. त्यांनी पितळी किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या पिना घ्याव्यात. पितळ ओळखायला लोहचुंबक पुरे: साध्या पोलादाची पिन झटकन चिकटते, पितळी पिन ढिम्म हलत नाही.

टाचणीची रचना सगळ्यांत साधी, पण ती बनवणं कधीच साधं नव्हतं. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली श्रमविभागणी समजावताना टाचणीचाच कारखाना निवडला. तार ओढणं, सरळ करणं, कापणं, टोक काढणं, डोकं बसवणं अशा सुमारे १८ क्रिया वाटून घेतल्या, तर दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, असा त्यांचा हिशेब होता. आज हे सगळं यंत्र करतं. डोकं कशाचं आहे, हे मात्र आपण बघायचं. प्लॅस्टिकच्या रंगीत डोक्याची टाचणी इस्त्रीखाली आली तर वितळते आणि कापडाला रंगाचा डाग पडतो. काचेच्या डोक्याच्या टाचणीवरून इस्त्री फिरवता येते. चपट्या धातूच्या डोक्याची टाचणीही इस्त्रीला चालते, पण जाड लोकरीत किंवा जाळीच्या कापडात ती डोक्यासकट आरपार निघून जाते. जाडीही कापडाप्रमाणे हवी. रोजच्या सुती शिवणाला साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची टाचणी चालते, रेशमाला ०.५ किंवा त्याहून बारीक. टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला किंचित गोलसर टोकाची टाचणी लागते. ती धागा भोसकत नाही, दोन धाग्यांमधून वाट काढते. धारदार टोकाने टाके तुटले की तिथून कापड उसवत जातं.

शिवताना टाचण्या शिवणीच्या रेषेला काटकोनात लावाव्यात, डोकं कापडाच्या काठाकडे. अशी टाचणी दोन्ही थर सरकू देत नाही आणि मशीनची सुई जवळ आली की उजव्या हाताने पटकन काढता येते. काढायचीच. टाचणीवरून मशीन चालवणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वेळा सुई शेजारून निघूनही जाते. पण एकदा सुई टाचणीवर आदळली, की तिचा तुकडा उडतो तो कुठे उडेल ते सांगता येत नाही. त्या वेळी तुमचे डोळे त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतात.

गोधडी शिवणाऱ्यांसाठी थोडं. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोरा घालताना खालचा थर गोळा होतो, ही नेहमीची तक्रार. थर जमिनीवर ताणून पसरा आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, मुठीएवढं अंतर सोडून सेफ्टी पिना लावत जा. कडेकडून मध्याकडे आलात तर सगळा फुगा मध्ये साठतो. या कामासाठी पाठीला बाक असलेल्या खास सेफ्टी पिना मिळतात. बाकामुळे टोक थर न उचलता खाली जाऊन वर येतं. त्या मिळाल्या तर जरूर घ्या, बोटांचा त्रास निम्म्याने कमी होतो. अर्ध्यावर सोडलेल्या गोधडीत पिना महिनोन्महिने राहू देऊ नका. कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात त्या गंजतात. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग पडला तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवल्याने तो बराच फिका होतो. क्लोरीनची ब्लीच पावडर मात्र लावू नका, तिने तो डाग आणखी पक्का होतो. रेशमावर हा प्रयोग नको. तिथे ड्रायक्लीनवाल्याला डाग दाखवून तो गंजाचा आहे हे सांगावं.

केसांच्या पिनांना टोचायचं नसतं, पकडायचं असतं. आंबाड्याला लागतो तो उघडा आकडा, ज्याला दुकानात यू पिन म्हणतात. तो सरळ आत खुपसला तर पाच मिनिटांत वर येतो. खरी रीत अशी आहे: आकड्याची टोकं आंबाड्यापासून बाहेरच्या दिशेला ठेवून आंबाड्याच्या कडेचे थोडे केस आणि डोक्यालगतचे थोडे केस टिपायचे, मग आकडा उलटा फिरवून आंबाड्याच्या मध्याकडे आत ढकलायचा. फिरवल्यामुळे केसांना पीळ बसतो आणि तो पीळच आकड्याला धरून ठेवतो. चार आकडे असे लावले तर खुपसलेल्या बारांची गरज उरत नाही. गजरा माळताना आकडा फुलातून घालू नये, ज्या दोऱ्यात फुलं गुंफली आहेत त्या दोऱ्यावरून घालावा. फूल कुस्करत नाही आणि गजरा लोंबत नाही.

मिटलेल्या काळ्या पिनेची, म्हणजे बॉब पिनेची, एक बाजू सरळ आणि एक नागमोडी असते. बहुतेक जणी सरळ बाजू डोक्याकडे ठेवतात, कारण नागमोडी बाजू नक्षीची वाटते. ती नक्षी नाही. केस धरून ठेवायला ती वळणं दिलेली आहेत, म्हणून ती बाजू डोक्याकडे, खाली हवी. मऊ, निसटत्या केसांत एकावर एक फुलीसारख्या दोन पिना लावल्या तर दोघी एकमेकींना अडवतात. पिन दातांनी उघडायची सवय मोडावी. दातांची कड तर झिजतेच, शिवाय टोकावरचा गुळगुळीत थेंब निघून जातो आणि मग उघडी तार डोक्याची कातडी ओरबाडते. थेंब गेलेली पिन फेकून द्यावी.

कागदांच्या बाबतीत माझं म्हणणं थोडं कडक आहे. जन्मदाखला, सातबारा, खरेदीखत, गुणपत्रिका, असं जे काही वीस वर्षांनी लागणार आहे, त्याला टाचणी किंवा स्टेपलची पिन लावू नये. तार दमट हवेत गंजते, गंज कागदात उतरतो, तिथला कागद ठिसूळ होतो आणि पुढे नेमका तोच कोपरा तुटून हातात येतो. असे कागद कागदी पाकिटात सुटे ठेवावेत. बांधायचेच असतील तर भोक पाडून सुती नाडीने बांधावेत. लावलेली पिन काढायची असेल तर नखाने उपसू नका. मागचे मुडपलेले पाय आधी बोथट सुरीने सरळ करा आणि मग पुढून उचला. रिझर्व्ह बँकेने २००१ साली स्वच्छ नोटांच्या धोरणाखाली बँकांना नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारणं बंद करून कागदी पट्ट्या लावायला सांगितलं, ते याच कारणाने. गड्डी उघडताना नोटा फाटायच्या.

रोजच्या कागदांना स्टेपलर चालतो. पाकिटावरचे आकडे बघून पिना घ्याव्यात. २४/६ म्हणजे तारेचा गेज २४ आणि पायाची लांबी ६ मिलिमीटर. ही पिन वीसेक पानं नीट धरते. १० नंबरची पिन लहान असते, दहा-बारा पानांपुरती. लहान स्टेपलरात जास्त पानं कोंबली की पाय अर्ध्यात वाकतात आणि पिन अडकून बसते. स्टेपलरच्या तळाशी एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर दोन खाचा असतात. पुष्कळ स्टेपलरांत ती पट्टी खालून दाबून गोल फिरवता येते. नेहमीच्या खाचेत पाय आत मुडपतात, दुसऱ्या खाचेत ते बाहेर पसरतात. बाहेर पसरलेली पिन एका बाजूने ओढली की सरळ निघून येते, कागद फाटत नाही. दोन-चार दिवसांपुरते कागद जोडायचे असतील तर पट्टी फिरवून घ्या. वर्षानुवर्षं स्टेपलर वापरणाऱ्यांनाही ती फिरते हे माहीत नसतं.

खाण्याच्या वस्तूंना स्टेपल नको, हे आणखी ठामपणे सांगते. चहाच्या पिशव्यांना स्टेपल लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. मिठाईचे खोके, फरसाणाच्या पिशव्या, भेळेच्या पुड्या यांना मात्र ती सर्रास दिसते. असं पुडकं घरी आलं की मुलांच्या हाती देण्याआधी ताटाबाहेर उघडा आणि जितक्या जागी पिन मारलेली दिसते तितक्या पिना निघाल्या का, ते मोजा.

आता सगळ्यांत गंभीर भाग. पिना तोंडात धरू नका. शिवताना, साडी नेसवताना, ओढणी किंवा हिजाब बांधताना हात मोकळे राहावेत म्हणून टाचण्या ओठांत धरल्या जातात. एखादा ठसका, एखादं हसू, आणि टाचणी श्वासनलिकेत जाते. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. मनगटाला बांधायची पिनांची छोटी उशी घरीसुद्धा करता येते; लोकरीचे तुकडे भरले तर उत्तम. टाचणी श्वासनलिकेत गेल्यावर आधी जोराचा खोकला येतो, मग तो थांबतो. थांबला म्हणजे धोका टळला असं नाही. लगेच रुग्णालयात जा. मुलाने पिन गिळली, किंवा गिळली अशी नुसती शंका आली, तरी तेच. उलटी करायला लावू नका. केळं, भाताचा गोळा, काहीही खायला-प्यायला देऊ नका. उघडी पिन असेल तर ती घासाबरोबर आणखी रुतते, आणि पोट भरलेलं असेल तर दुर्बिणीने काढताना डॉक्टरांना अडचण येते. डबीतली तशीच दुसरी पिन बरोबर न्या, डॉक्टरांना आकाराचा अंदाज येतो.

बालवाडीतल्या मुलाच्या छातीला रुमाल लावताना पिन आडवी लावा आणि लावताना आपली दोन बोटं कपड्याच्या आत, मुलाच्या अंगाशी ठेवा. टोचली तर आपल्याला टोचेल. १५ ऑगस्टला कागदी झेंडा मुलांच्या शर्टाला उघड्या टाचणीने लावतात, ते बंद करून लहान सेफ्टी पिन वापरावी. बाळाच्या लंगोटाला पिनेपेक्षा नाडी बरी. घरात मधुमेही माणूस असेल आणि पायाची जाणीव कमी झाली असेल, तर शिवण झाल्यावर जमिनीवरून लोहचुंबक फिरवायला चुकू नका. पायात टाचणी रुतली तरी अशा माणसाला ते कळत नाही. रात्री त्यांचे तळवे बघणं हा त्यावरचा खरा उपाय. गंजकी किंवा मळकी पिन खोलवर टोचली, तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरांना विचारा.

उरल्या त्या वाकलेल्या, गंजलेल्या, जोर गेलेल्या पिना. त्या ओल्या कचऱ्यात टाकू नका, आणि हारातल्या तारा-टाचण्या काढल्याशिवाय निर्माल्यही टाकू नका. गाई-म्हशी चारा न चावता भराभर गिळतात. त्याबरोबर गेलेली पिन पोटाच्या जाळीसारख्या कप्प्यात अडकते. तिथून तिचं टोक पोट आणि छाती यांच्यामधला पडदा भेदून थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकतं आणि चांगलं दुभतं जनावर दगावू शकतं. पशुवैद्यांना हा आजार चांगलाच परिचयाचा आहे. गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची बाटली ठेवा, निकामी पिना तिच्यात साठवा. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर 'टोकदार वस्तू' असं ठळक लिहा आणि सुका कचरा नेणाऱ्या ताई-दादांच्या हातात, सांगून द्या.